रयतेचा कारभारी : कर्मवीर भाऊराव पाटील

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाने महाराष्ट्राला ज्या थोर व्यक्ती दिल्या, त्यांत कर्मवीर डॉ. भाऊराव पायगोंडा पाटील यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. शिक्षणमहर्षी म्हणून त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिलेही गेले आहे. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय कापडाचा व शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे कोणाचेही चरित्र वाचताना नजर नकळत जमाखर्चाच्या बाजूकडे वळते. त्या बाजूने पाहता असे दिसते की, गरिबाचे घर कशावर चालते आणि ते कशाने सावरते हे भाऊरावांना जितके नेमके उमगले होते, तितके त्यांच्या काळातील फार थोड्या समाजधुरीणांना उमगले होते.

शेतकऱ्याचा मुलगा शाळेत जात नाही याचे कारण फी आहे असे आपण धरून चालतो आणि फी भरण्यापुरती मदत करून मोकळे होतो. वस्तुतः फी हा त्या खर्चातील सर्वांत लहान आकडा असतो. दहा-बारा वर्षांचा मुलगा गुरे राखतो, पेरणीला हाताखाली उभा राहतो, राखणीला माळ्यावर बसतो. तो तालुक्याच्या गावी शिकायला गेला की घरातून एक कामाचा हात वजा होतो आणि त्याच्या परगावच्या राहण्या-जेवण्याचा भार वर येऊन पडतो. फी, अन्न आणि बुडालेली मजुरी अशी ही तिहेरी तूट आहे. भाऊरावांनी उभारलेली सारी व्यवस्था ही तूट भरून काढण्यासाठी होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी, बाहुबलीच्या डोंगराच्या परिसरात झाला. आई गंगाबाई, वडील पायगोंडा; घराणे दिगंबर जैन, मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात कारकून असल्याने बदलीच्या गावी फिरणे होई. पुढे शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले व तेथील जैन बोर्डिंगात राहू लागले. त्यांची शालेय प्रगती मात्र बेताचीच होती. इंग्रजी सहावीच्या पुढे काही ती गेली नाही. ज्यांच्या नावाने पुढे शेकडो शाळा चालल्या, त्यांची स्वतःची विद्यार्थिदशा अशी होती, हे नमूद केलेले बरे.

या बोर्डिंगातील एक प्रसंग आपल्या समाजाने विसरू नये असा आहे. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह उघडले, त्या समारंभास भाऊराव गेले होते. परत आल्यावर स्नान करूनच भोजनास बसावे असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते नाकारले आणि परिणामी बोर्डिंग सोडावे लागले. त्या वेळी बोर्डिंगचे प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे होते. भाऊरावांना आसरा दिला तो राजर्षी शाहू महाराजांनी. पुढे १९१४ साली कोल्हापुरातील पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले आणि त्यात लठ्ठे यांना गोवण्यासाठी खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्या माणसाच्या आज्ञेने आपण बाहेर पडलो त्याच्यावर सूड उगवण्याची ही आयती संधी होती. पण भाऊरावांनी तुरुंगवास पत्करला, छळ सोसला, जीव देण्याचाही प्रयत्न केला, मात्र खोटे बोलले नाहीत. अहिंसा आणि सत्य या व्रतांवर आपण व्याख्याने पुष्कळ ऐकतो. हा प्रसंग त्या व्याख्यानांत क्वचितच येतो.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी व्यापारात घालविली. ओगले यांच्या काचकारखान्याचा माल, किर्लोस्करांचे नांगर यांची विक्री करीत ते खेडोपाडी हिंडले. फिरत्या विक्रेत्याचे काम कमी लेखू नये. गिऱ्हाइकाच्या ओसरीवर बसल्याखेरीज नांगर विकला जात नाही आणि ओसरीवर बसले की त्या घराची खरी स्थिती कळते : दाणे कोणत्या महिन्यात संपतात, सावकाराचे किती देणे आहे, पोरगा काय करतो. माझ्या मते रयत शिक्षण संस्थेची पूर्वतयारी या भटकंतीत झाली. पुढे पाडळीच्या कूपर यांच्या कारखान्यातही त्यांनी काम केले. परंतु त्या उद्योगातून आपल्या शैक्षणिक कार्यास जो आधार मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती तो मिळेना, तेव्हा ते तेथून बाहेर पडले.

व्यापाराच्या आधीपासूनच वसतिगृहाची कल्पना त्यांच्या मनात रुजलेली होती. सांगलीजवळच्या दूधगाव येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास हलले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले.

याच काळात आपल्या मुळशी तालुक्यात काय चालले होते, हे येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. लवासाच्या डोंगरापलीकडील मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणासाठी पन्नासाच्या आसपास गावांच्या भातजमिनी पाण्याखाली जाणार होत्या आणि १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांचा सत्याग्रह सुरू होता. सत्याग्रह अखेर यशस्वी झाला नाही. जमिनीबरोबर त्या कुटुंबांचे भांडवलच बुडाले. मोबदल्याची रक्कम, ती मिळाली तरी, बसून खाल्ल्यास किती दिवस पुरते हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. पैसा टिकविणे ही जमीन कसण्याहून निराळी विद्या आहे. अलीकडच्या काळात याच डोंगरांत जमिनींचे मोठे व्यवहार झाले, तेव्हाही हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. भाऊराव साताऱ्यात जे देऊ पाहत होते ते धरणाच्या पाण्याने बुडणारे नव्हते आणि सावकाराच्या वहीत गहाण पडणारेही नव्हते.

पण मुलांना रोज जेवू घालायचे कशावर? गावोगावच्या घरांतून गृहिणीने स्वयंपाकापूर्वी एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवावे आणि ते वसतिगृहासाठी गोळा व्हावे, अशी मुष्टिफंडाची पद्धत त्यांनी अवलंबिली. हिशेबाच्या दृष्टीने ही योजना मला फार मोलाची वाटते. एका श्रीमंताच्या हजार रुपयांवर चाललेली संस्था त्या श्रीमंताच्या मर्जीवर असते. हजार घरांच्या मुठीवर चाललेली संस्था त्या हजार घरांची होते. शिवाय देणाऱ्या घराला आपण याचक नसून भागीदार आहोत असे वाटते, आणि उद्या त्याच घरातला मुलगा वसतिगृहात आला तर त्याला मिंधेपणा वाटत नाही.

तरीही ओढाताण ही होतीच. येथे सौ. लक्ष्मीबाईंचे स्मरण केल्यावाचून पुढे जाणे शक्य नाही. त्या कुंभोजच्याच, सुखवस्तू आणि सोवळे पाळणाऱ्या जैन घरातल्या. वसतिगृहातील सर्व जातींच्या मुलांचा स्वयंपाक त्यांनी आपलासा केला. धान्य संपले की अंगावरचा एकेक दागिना जाई. अखेर एके दिवशी भाऊराव बाहेरगावी असताना मुलांच्या जेवणासाठी घरात काहीच उरले नाही, तेव्हा त्यांनी मंगळसूत्र काढून दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. संस्थेच्या यशाची फळे त्यांना पाहावयास मिळाली नाहीत. ताळेबंदात भांडवलाच्या बाजूला देणगीदारांची नावे लिहिली जातात. या बाईंचे नाव कोणत्या सदरात लिहावे, हे वाणिज्य शाखेत मला कोणी शिकविले नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. केवळ हिशेबनीसाच्या चष्म्यातून पाहिले तर भाऊरावांचा कारभार धाडसाचाच म्हणावा लागेल. हाती रक्कम नसताना ते मुले दाखल करून घेत आणि नंतर पैशाच्या शोधात बाहेर पडत. विश्वस्त मंडळाच्या सभेत असा प्रस्ताव आला तर आपल्यापैकी बहुतेकांनी, मीही, तो पुढील सभेवर ढकलला असता. तथापि खर्चाच्या बाजूला त्यांची शिस्त कडक होती. वसतिगृहातील मुले स्वतःची कामे स्वतः करीत, शेतात राबत, पडीक जमीन फोडीत, बांधकामावर दगड वाहत. कमवा आणि शिका ही योजना पुढे सर्वत्र प्रसिद्ध झाली. मुलगा आपल्या श्रमाने आपला खर्च भागवितो, म्हणजे वर सांगितलेल्या तिहेरी तुटीपैकी फी आणि अन्न या दोन बाबी घरावर पडत नाहीत.

राहिली तिसरी, बुडालेली मजुरी. ती भरून निघायची तर मुलगा लवकर कमावता झाला पाहिजे. १९३५ साली साताऱ्यात प्राथमिक शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज संस्थेने सुरू केले. नाव ठेवले राजाच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे! खादीधारी माणसाने हे नाव का स्वीकारले असावे, असे नवल वाटते. मला त्यात व्यवहारज्ञान दिसते. त्याच वर्षी संस्थेची रीतसर नोंदणी झाली. पुढे १९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले (त्यात अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होते) आणि ज्या खेड्यांत सरकारी शाळा नव्हत्या तेथे स्वयंसेवी शाळा काढण्यास अनुदान मिळू लागले. भाऊरावांनी डोंगरदऱ्यांतून अशा पाचशेहून अधिक शाळा काढल्या. शाळा निघाली की शिक्षक लागतो, आणि शिक्षक संस्थेच्याच अध्यापक विद्यालयातून तयार होऊन येतो. काल ज्याच्या घरी पावसावर सारे अवलंबून होते, त्या घरात दरमहा ठरलेला पगार येऊ लागला. पगार लहान असेल, पण तो ठरलेल्या तारखेला येतो. उधारीवर माल देणाऱ्या आम्हा दुकानदारांना या एका गोष्टीचे मोल चांगले ठाऊक आहे : नियमित मिळकतीच्या घराला पत असते.

आणि पगार आला तरी तो सावकाराच्या घरी जाऊ नये, ही काळजीही त्यांनी वाहिली. १९४० साली संस्थेच्या सेवकांसाठी त्यांनी सहकारी तत्त्वावर पतसंस्था उभी केली. तीच आज रयत सेवक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून ओळखली जाते. सेवकांनी आपल्या पगारातून आपलीच पुंजी उभारावी आणि अडीअडचणीला तिच्यातून रास्त व्याजाने कर्ज घ्यावे, अशी ती व्यवस्था. त्याच वर्षी साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. कमवा आणि शिका योजनेमुळे खेड्यातील निर्धन मुलाला पदवीपर्यंतचा मार्ग मोकळा झाला.

१९४८ साली मोठे संकट आले. महात्माजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी केलेल्या एका भाषणावरून सरकारची नाराजी झाली आणि संस्थेचे अनुदान थांबले. शेकडो शिक्षकांचे पगार, म्हणजेच शेकडो चुली, त्यावर अवलंबून होत्या. तेव्हा गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली, मुख्यमंत्री खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कराड येथे निघालेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले, ते या स्नेहाला साजेसेच होते. महात्माजींच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्पही भाऊरावांनी या काळात सोडला होता.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी.लिट. पदवी अर्पण केली. इंग्रजी सहावीवर थांबलेल्या विद्यार्थ्याच्या नावामागे डॉक्टर लागले ते असे. प्रकृती तेव्हा पार ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचे निधन झाले. साताऱ्यात त्यांची समाधी आहे आणि रयत शिक्षण संस्थेचे मध्यवर्ती कार्यालय आजही त्याच समाधी परिसरातून चालते.