पंडिता रमाबाई : उपाशी लेकरांची माउली

दुष्काळ म्हणजे काय हें आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. विहीर आटली, कडबा संपला, कणगी रिकामी झाली म्हणजे घरांत पहिला घांस कोणाचा कमी होतो हें प्रत्येक आईस ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंचें नांव आपणांपैकीं बहुतेकांनीं ऐकलें असेल. त्यांची विद्वत्ता, त्यांनीं केलेलें पवित्र शास्त्राचें भाषांतर व केडगांवचें मुक्तिसदन हीं प्रसिद्धच आहेत. परंतु ही विदुषी एके काळीं भाकरीच्या तुकड्यासाठीं परक्या दारांत उभी राहिलेली उपाशी मुलगी होती, हें थोडेच लोक लक्षांत ठेवितात. पुढें त्यांच्या हातून जें मोठें कार्य घडलें त्याचें मूळ त्या दारांतच आहे. म्हणून आज त्यांच्या चरित्राचा विशेषेंकरून तेवढाच भाग सांगण्याचें योजिलें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. स्त्रियांनीं विद्या शिकूं नये असा त्या काळचा दंडक होता. तो मोडून शास्त्रीबोवांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें, आणि लक्ष्मीबाईंनीं तीच विद्या लेकीला दिली. आरंभीं घरीं जमीनजुमला होता. परंतु अतिथिसत्कार, दानधर्म व तीर्थयात्रा यांत तो सरला. मग हें कुटुंब पुराण सांगत क्षेत्रोक्षेत्रीं हिंडूं लागलें. मुलांस हजारों श्लोक मुखोद्गत होते. पण पोट भरण्याजोगें हातांचें एकहि काम त्यांस कोणीं शिकविलें नव्हतें. शास्त्र्याच्या मुलांनीं मजुरी करावी, हें कुळास कमीपणाचें वाटे.

अशांत दक्षिणेंत दुष्काळ पडला. भांडीं गेलीं, दागिने गेले, अंगावरचीं बरीं वस्त्रेंहि गेलीं. शेवटीं मरण पत्करावें म्हणून सर्वजण रानांत जाऊन राहिले, आणि अकरा दिवस पाणी व झाडाचा पाला यांवर त्यांनीं कसाबसा जीव धरिला. १८७४ सालीं वृद्ध व आंधळे झालेले वडील वारले. रमा तेव्हां सोळा वर्षांची होती. थोड्याच दिवसांत आईनें अंथरूण धरिलें. तिला बाजरीच्या भाकरीची इच्छा झाली, म्हणून रमा एका ब्राह्मणाच्या घरीं गेली. मागावयास तोंड उघडेना, डोळ्यांस मात्र धारा लागल्या. त्या घरच्या बाईला दया आली व तिनें भाकरी दिली. मुलगी ती घेऊन धांवत आली. परंतु आईच्या मुखांत घांस उतरण्याची वेळ टळून गेली होती. भाकरी आली, पण उशिरा आली. आईला स्मशानांत नेण्यास पुरेसे खांदेकरी मिळेनात. रमा उंचीनें लहान, म्हणून तिनें ताटीचें टोंक डोक्यावर घेतलें. पुढें वडील बहीणहि गेली. उरलेलीं दोघें बहीणभाऊ पायीं चालत उत्तर हिंदुस्थान हिंडलीं. थंडीच्या एका रात्रीं पांघरूण नव्हतें, तेव्हां झेलम नदीच्या कांठीं वाळूंत खड्डे करून त्यांनीं आपलीं अंगें झांकून घेतलीं.

१८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचल्यावर मात्र दिवस पालटले. तेथील पंडितांनीं परीक्षा पाहून त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. परंतु १८८० मध्यें भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं विवाह केला. तेहि १८८२ सालीं पटकीनें गेले. तान्ही मनोरमा कडेवर घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. पुढें त्या इंग्लंडास गेल्या व २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वॉंटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर अमेरिकेंत बालविधवांची हकीकत सांगून त्यांनीं साह्य मिळविलें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास गेलें. १८९३ मध्यें, मुलींच्या मनावर ख्रिस्ती धर्माचा परिणाम होतो, असा गवगवा होऊन कित्येक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. प्रतिष्ठित सल्लागारहि दूर झाले. बाईंनीं सदन बंद केलें नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. १८९६–९७ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. बाईंजवळ पैसा बेताचा, जागा अपुरी. कोणींहि म्हटलें असतें कीं हें आपल्या आटोक्याबाहेरचें आहे. परंतु त्यांस स्वतःचीं तीं वर्षें आठवलीं, आणि घरीं स्वस्थ बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या. तेथें अन्नाच्या टंचाईइतकीच दुसरीहि एक आपत्ति त्यांनीं पाहिली. निराधार मुलींस खाण्याचें आमिष दाखवून कुमार्गास नेणारे लोक टपलेले होते. भुकेलें पोर कोणाच्याहि मागें जातें. तें कोणाच्या हातीं पडेल हें त्याच्या हातीं नसतें. बाईंनीं सुमारें तीनशें मुली व स्त्रिया आणिल्या. इतक्या लोकांस पुण्यांत ठेवण्यास प्लेगच्या निर्बंधांमुळें मनाई झाली, तेव्हां त्यांनीं केडगांवची वाट धरिली. तेथें फळबागेसाठीं म्हणून आधींच जमीन घेतलेली होती. ती आतां लेकरांस उपयोगी पडली. त्याच सालीं पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळांत आपल्या मुलींचें रक्षण नीट होत नाहीं असें बाईंनीं वर्तमानपत्रांत उघड लिहिलें. सरकारास तें रुचणार नाहीं हें ठाऊक असूनहि त्या गप्प राहिल्या नाहींत.

१९०० च्या सुमारास गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां तिकडूनहि मुली आणविल्या, व मुक्तिसदनांतील माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. इतक्या तोंडांस अन्न द्यावयाचें हेंच केवढें काम! परंतु बाईंनीं अन्नावर भागविलें नाहीं. विद्या असून हातास काम नसल्यानें आपल्या घराची काय दशा झाली हें त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून प्रत्येक मुलीनें लिहावाचावयास शिकावें आणि एखादा धंदाहि शिकावा असा तेथील नेम होता. शेती, विणकाम, शिवण, तेलघाणा, दुभतीं जनावरें, छापखाना हीं सर्व कामें मुलीच करीत. मनोरमाबाईंनीं ब्रेल लिपि शिकून आंधळ्या मुलींची शाळा चालविली. बाईंनीं मूळ इब्री व हेल्लेणी भाषांवरून केलेलें शास्त्राचें मराठी भाषांतर त्याच मुलींच्या हातांनीं छापलें गेलें. मनोरमाबाई १९२१ सालीं आईच्या आधींच गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं पंडिता रमाबाईंनींहि देह ठेविला.

बाईंच्या हयातींत बालकांचे हक्क हा शब्द कायद्यांत नव्हता. त्यांच्या पश्चात् १९२४ मध्यें जिनेव्हा येथें राष्ट्रसंघानें बालकांच्या हक्कांची घोषणा मान्य केली. १९८९ सालीं संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार झाला, आणि १९९२ सालीं भारतानें तो स्वीकारिला. बालविवाहास मनाई करणारा कायदा २००६ सालीं झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षण देणारा कायदा २००९ सालीं झाला. हे कायदे चांगले आहेत. परंतु कायदा स्वतः पायीं चालत कोणाच्या दारांत येत नाहीं. रमाबाई चालत गेल्या.

बंधुभगिनींनो, आपल्या गांवांतहि हा प्रश्न मिटलेला नाहीं. ऊसतोडीच्या दिवसांत आईबापांबरोबर पोरें निघून जातात व त्यांची शाळा बुडते. पोटाला चिमटा बसला म्हणजे मुलगी लवकर उजवून टाकावी असें वाटूं लागतें, आणि मग चौदा-पंधरा वर्षांची पोर संसारास जुंपली जाते. असें आपल्या मंडळींत होत असेल तर तें झांकून ठेवूं नये. वडील मंडळींनीं व उपदेशकांनीं घरोघर जाऊन, कोणतें मूल शाळेंत नाहीं, कोण उपाशी निजतें, कोणत्या मुलीचें लग्न वयाआधीं ठरत आहे, हें विचारावें. आईबापांस दोष देत बसूं नये, कारण दारिद्र्यानें त्यांचे हात बांधलेले असतात. त्यांस साह्य करावें. एका मुलाची सोय करितां आली तरी ती करावी.

रमाबाईंच्या आईसाठीं मिळालेली भाकरी उशिरा आली. ती उशीर झालेली भाकरी त्यांनीं जन्मभर विसरली नाहीं, म्हणून शेंकडों लेकरांस ती वेळेवर मिळाली. आपल्या शेजारच्या लेकराची भाकरी उशिरा पोहोंचूं नये, एवढी काळजी आपण घेऊं या.