ताजुद्दीन बाबा आणि लंगराची पंगत

विदर्भातल्या कितीतरी हॉटेलांत गल्ल्यामागच्या भिंतीवर गजानन महाराजांच्या तसबिरीशेजारी दाढी वाढलेल्या एका फकिराची तसबीर असते. हे नागपूरचे ताजुद्दीन बाबा. त्यांना हात जोडणाऱ्या आपल्या भंडारा जिल्ह्यातील पुष्कळांना त्यांचे चरित्र मात्र ठाऊक नसते.

बाबांचा जन्म २७ जानेवारी १८६१ रोजी कामठीस झाला. आईबापांचे छत्र लवकर हरपले. पुढे ते पलटणीत भरती होऊन सागरला गेले. दिवसा चाकरी आणि रात्री दाऊद चिश्तींच्या मजारीवर ध्यान, असा क्रम सुरू झाला. अखेर चाकरी सुटली. कामठीला परतलेल्या या फकिरास लोक वेडा समजू लागले आणि १८९२ साली त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली. तिथे ते सोळा वर्षे होते. नवल असे की, सरकारदप्तरी वेड्या ठरलेल्या या माणसाच्या दर्शनाला तिथेही रीघ लागे.

१९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणले. या चरित्रातील सर्वांत मोठी घटना मला हीच वाटते. आपला भंडारा एकेकाळी याच घराण्याच्या राज्यात होता. त्या हिंदू राजवाड्यात एक मुसलमान फकीर गुरू म्हणून राहिला. धर्म ना राजाने सोडला, ना फकिराने. मध्यंतरी बाबा वाकीला काशीनाथ पाटलांकडे होते, तेही हिंदूच. मग ते शक्करदऱ्यास परतले. १९२३ साली नागपुरात हिंदू-मुसलमानांचा दंगा पेटला, तरी भोसल्यांचे दार त्यांना बंद झाले नाही. १७ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांनी तिथेच देह ठेवला. दोनच वर्षांनी शहरात पुन्हा दंगा झाला.

ताजबागेत त्यांचा दर्गा आहे. मोहरमच्या २६ तारखेला उरूस असतो आणि लंगर चालतो. लंगर म्हणजे आपल्या देवळापुढच्या भंडाऱ्याचा सख्खा भाऊच म्हणा ना! (आपल्या जिल्ह्याचे नावही तेच, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.) फरक एवढाच, की आमच्या गावच्या भंडाऱ्यात आजोबांच्या काळी दलित वस्तीतली माणसे सर्वांची जेवणे उरकल्यावर वेशीकडे वेगळी बसत. कोणी कुठे बसायचे, हे पान मांडण्यापूर्वीच ठरलेले असे. ताजबागेच्या पंगतीत मी जेवलो आहे. वाढणाऱ्याने नाव विचारले नाही की गाव विचारले नाही. माझ्या एका हाताला टोपी घातलेले चाचा होते, दुसऱ्या हाताला गळ्यात तुळशीची माळ असलेल्या एक आजीबाई. त्यांनी ताटातला शेवटचा घास संपवला, दर्ग्याकडे पाहून हात जोडले आणि घरच्या नातवंडासाठी थोडा भात रुमालात मागून घेतला.