एच्. जी. वेल्स

अद्भुत शास्त्रीय कथांचे कर्ते हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांचें नांव आम्हां विद्यार्थ्यांस परिचित आहे. त्यांचें बालपण मात्र थोड्यांसच ठाऊक असतें.

ता. २१ सप्टेंबर १८६६ रोजीं इंग्लंडांतील ब्रॉम्ली गांवीं एका गरीब दुकानदाराच्या घरीं त्यांचा जन्म झाला. १८७४ सालीं पाय मोडून अंथरुणावर पडले असतां त्यांस वाचनाची गोडी लागली. पुढें दारिद्र्यामुळें त्यांना कापडाच्या दुकानांत उमेदवारी करावी लागली. परंतु तेथें मन रमेना. अखेर अभ्यास करून त्यांनीं शिष्यवृत्ति मिळविली आणि १८८४ सालीं लंडन येथें सुप्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ हक्स्ले यांचें शिष्यत्व पत्करलें.

वेल्स यांची लेखणी एकाच वाटेनें गेली नाहीं. 'दि टाइम मशीन' (१८९५) मध्यें कालप्रवास आहे, तर 'दि वॉर ऑफ दि वर्ल्ड्स' (१८९८) मध्यें मंगळवासीयांची पृथ्वीवर स्वारी आहे. 'किप्स' (१९०५) या कादंबरींत त्यांनीं कापडदुकानांतील उमेदवाराचीं सुखदुःखें वर्णिलीं, आणि १९२० सालीं अखिल मानवजातीचा इतिहास ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला.

या विविध ग्रंथांतून एक विचार आम्हांस वारंवार आढळतो. ज्ञानाबरोबर विवेक न वाढल्यास मनुष्याचा घात होतो, हाच तो विचार. त्यांच्या कथेंतील अदृश्य मनुष्य आपल्याच शोधापायीं नाश पावतो. १९१४ सालच्या 'दि वर्ल्ड सेट फ्री' या कादंबरींत त्यांनीं अणुबाँबची कल्पना केली. १९४५ सालीं हिरोशिमा व नागासाकी येथें ती खरी ठरलेली त्यांस पाहावी लागली. ता. १३ ऑगस्ट १९४६ रोजीं ते निवर्तले.

दुकानांतील उमेदवार विद्येच्या बळावर एवढा थोर ग्रंथकार झाला, हें आम्हांस उत्तेजन देणारें आहे. मात्र प्रयोगशाळेंत पाऊल टाकतांना त्यांचा इशाराहि आम्हीं विसरतां कामा नये.