धैर्याचा ताळेबंद

धैर्य रक्तातच असावे लागते, अशी आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे. सोयीची अशासाठी की, ती मान्य केली म्हणजे ज्यांच्या अंगी धैर्य नाही त्यांची जबाबदारीच संपते. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे चरित्र मात्र या समजुतीत बसत नाही. त्यांच्यामागे पक्ष नव्हता, पंथ नव्हता, अनुयायांचा मेळाही नव्हता. ते गणित शिकवीत. तरीही संततिनियमन व लैंगिक शिक्षण हा जो विषय त्यांनी मुंबईत तीस वर्षांहून अधिक काळ लावून धरला, त्याचा जाहीर उच्चार करतानाही भल्याभल्या सुधारकांची जीभ अडखळत असे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूडचा. १८९१ मध्ये आई राधाबाई वारल्या आणि १८९३ मध्ये वडील धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी पुनर्विवाह केला. मुरूडकरांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता. लोक काय म्हणतील ही भीती बहुतेकांना अनुभवाने नव्हे, कल्पनेनेच ग्रासते. या मुलाने मात्र लोक जे म्हणायचे ते म्हणून चुकल्यानंतरचे घर पाहिले होते. गावाने पाठ फिरवली तरी चूल पेटते, अभ्यास होतो आणि १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला क्रमांकही येतो, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पण एवढ्याने उलगडा होत नाही. पोळलेल्या घरातील मुले पुष्कळदा अधिकच सावध निघतात. रघुनाथरावांच्या बाबतीत या अनुभवाला गणिताची शिस्त मिळाली. गृहीत मान्य केल्यावर निष्कर्ष अप्रिय आहे म्हणून मागे फिरणे त्या शास्त्रात बसत नाही. शरीर स्त्रीचे असेल, तर मूल केव्हा व्हावे आणि व्हावे की नाही हे ठरविण्याचा अधिकारही तिचाच, हे एकदा पटल्यावर ते थांबले नाहीत. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचेही केंद्र उघडले होते. (अर्थशास्त्रज्ञ पुढे या प्रश्नाकडे वळले ते लोकसंख्येच्या आकड्यांमुळे. कर्व्यांचा मूळ मुद्दा आकड्यांचा नव्हता, ही गोष्ट अजूनही पुरेशी ध्यानात घेतली जात नाही.)

खरी किंमत १९२५ मध्ये मोजावी लागली. विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचे. प्राध्यापकी आणि प्रचार यांत निवड करण्याची पाळी आली तेव्हा कर्व्यांनी राजीनामा दिला. वय त्रेचाळीस. या वयात मध्यमवर्गीय माणूस हप्ते, मुलांची शिक्षणे आणि निवृत्तिवेतन यांच्या हिशेबात गुंतलेला असतो, आणि त्याचे मौन बहुधा त्या हिशेबातूनच येते. त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे होईल. तो केवळ बांधलेला असतो. कर्व्यांनी स्वतःला बांधून घेण्याचे टाळले होते. मूल होऊ द्यायचे नाही असे त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी ठरविले होते. जो उपदेश जगाला केला तो आधी घरात आचरला, आणि त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या भवितव्याच्या नावाने त्यांना नमविण्याची सोय उरली नाही. मालतीबाईंचा वाटा येथे वेगळा मांडला पाहिजे. टवाळी त्यांच्याही वाट्याला येणारच होती, अनिश्चितता त्यांच्याही संसाराची होती. कौतुकात मात्र त्यांचे नाव मागाहून येते, पुष्कळदा येतही नाही.

वडिलांशी तुलना केली तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. महर्षींचे धैर्य थोरच; पण ते संस्था उभारणाऱ्याचे होते. संस्थेला देणग्या लागतात. महिला विद्यापीठाला ठाकरसींकडून मिळालेली देणगी १५ लाखांची होती. देणगीदारांच्या भावनांना सांभाळून, एका वेळी एकच पाऊल टाकणे अशा माणसाला भाग असते. मुलाने संस्था काढलीच नाही. १५ जुलै १९२७ रोजी त्याने 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. वर्गणीदार थोडे, मजकूर बहुतांश स्वतःच लिहिलेला. पदरमोड करून चालविलेल्या मासिकाला कोणाची मर्जी राखावी लागत नव्हती. या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही होती: बापाच्या मागे विद्यापीठ उरले, मुलाच्या मागे जुने अंक.

अश्लीलतेच्या आरोपाखाली १९३१ मध्ये त्यांच्यावर खटला झाला व १०० रुपये दंड झाला. पुढे वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला उभा राहिला. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजेच ते अश्लील ठरत नाही, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. दंड २०० रुपये झाला. दंड भरून कर्व्यांनी पुढचा अंक काढला.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम अधिकृतपणे स्वीकारला आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद झाली. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे वारले. पंचाण्णव वर्षांचे वडील तेव्हा हयात होते. नोव्हेंबरमध्ये 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक निघाला आणि मासिक बंद पडले.