उष्मांकांचा हिशेब शिकवणाऱ्या डॉ. लुलू हंट पीटर्स

एका पोळीत उष्मांक किती, वाटीभर भातात किती, असा हिशेब आज शहरी घरांतून सहज मांडला जातो. शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेतले हे माप गृहिणींच्या स्वयंपाकघरात आणून ठेवण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते, त्यांत अमेरिकेतील डॉ. लुलू हंट पीटर्स यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. वजन उतरवण्याचे काम एकटीने करण्याऐवजी चारचौघींनी मिळून करावे, ही कल्पनाही त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीतच मांडली होती. आपल्याकडे मात्र हे नाव फारसे कोणाच्या कानावर नाही.

लुलू हंट यांचा जन्म १८७३ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यातील मिलफर्ड या गावी झाला. पुढे त्या कॅलिफोर्नियात आल्या आणि १९०९ मध्ये तेथील विद्यापीठातून वैद्यकीय पदवीधर झाल्या. स्त्री-डॉक्टर विरळाच असण्याचा तो काळ. लॉस एंजेलिस परिसरातील महिला मंडळांच्या महासंघात सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्यांच्या पुढच्या सर्व कामाचे बीज या मंडळांत आहे. बायका एकत्र जमल्या की काय घडू शकते, हे त्यांनी येथे जवळून पाहिले.

दुसरे बीज त्यांच्या स्वतःच्या देहात होते. बालपणापासून त्यांची प्रकृती स्थूल. एके काळी त्यांचे वजन दोनशे वीस पौंडांवर, म्हणजे जवळजवळ शंभर किलोवर गेले होते. त्यातले सत्तर पौंड त्यांनी उतरवले आणि ही गोष्ट लेखनात लपवली नाही. त्यांचा सूर वरून उपदेश करणाऱ्या सडपातळ वैद्याचा नसून त्याच वाटेने चालून आलेल्या मैत्रिणीचा आहे. वाचकांना तो भावला, यात नवल नाही.

अन्नातील उष्मांक मोजण्याचे काम अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस करून ठेवले होते. पण ते तक्ते अभ्यासकांपुरतेच राहिले. १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डाएट अँड हेल्थ विथ की टू द कॅलरीज’ या छोटेखानी पुस्तकात डॉ. पीटर्स यांनी त्यांचे लोकभाषेत रूपांतर केले. हा अनोळखी शब्द उच्चारावा कसा, इथपासून त्यांची सुरुवात आहे. पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर उष्मांकांचा पाव म्हणा, असा त्यांचा आग्रह. कोणता पदार्थ किती घेतला म्हणजे शंभर उष्मांक होतात, याची लांबलचक यादी पुस्तकात आहे. योग्य वजनाचे गणितही सोपे : पाच फूट उंचीला एकशे दहा पौंड आणि त्यावरील प्रत्येक इंचाला साडेपाच पौंड. पाच फूट चार इंच उंचीच्या बाईचे वजन या हिशेबाने सुमारे साठ किलो भरते. आजच्या निकषांतही ते बसते. काड्यांच्या माणसांची चित्रे नात्यातल्याच एका लहान मुलाने काढली होती आणि पात्रांची नावे लठ्ठपणावर कोट्या करणारी होती. मात्र आरंभी उपवास आणि त्यानंतर दिवसाला बाराशे उष्मांक, हा त्यांचा मार्ग आजचे आहारतज्ज्ञ सरसकट कोणाला सुचवणार नाहीत.

पुस्तकाला पार्श्वभूमी होती युद्धाची. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. हर्बर्ट हूव्हर यांच्या हाती अन्न प्रशासन आले आणि गहू, मांस, साखर वाचवून युरोपला पाठवण्याची मोहीम सुरू झाली. डॉ. पीटर्स यांनी पुस्तक हूव्हर यांनाच अर्पण केले. धान्याची साठेबाजी गुन्हा ठरली असताना अंगावर चरबीच्या रूपाने अन्न साठवणाऱ्यांचे काय, असा त्यांचा खोचक सवाल होता. त्यातूनच जर्मन सम्राट कैसर याच्याविरुद्ध वजन उतरवण्याच्या वर्गांची कल्पना पुढे आली. मैत्रिणींनी गट करून नियमाने भेटावे, सर्वांसमक्ष वजनकाट्यावर उभे राहावे, जिचे वजन उतरले नाही तिने दंड भरावा आणि ती रक्कम रेड क्रॉसला द्यावी. पोटात भुकेची कळ उठली तर त्यामुळे दूरदेशी एखाद्या बालकाची कळ थांबली, असे मानून आनंद मानावा.

ही योजना मोठी चतुर होती. ठरलेला दिवस, काटा, एकमेकींची नजर आणि स्वतःपलीकडचा एक हेतू, हे सारे तिच्यात होते. परंतु शरीराचे जाडपण ही प्रकृतीची बाब न राहता देशद्रोहाच्या पंक्तीत जाऊन बसली, हेही नाकारता येत नाही. जी बाई स्वतः हयातभर वजनाशी झगडत राहिली, तिनेच आपल्यासारख्यांच्या पदरी अपराधभाव बांधावा, ही गोष्ट खटकते. लठ्ठपणामागे आनुवंशिकता आणि संप्रेरके यांचाही मोठा वाटा असतो, हे पुढील संशोधनाने दाखवून दिले. त्या काळी मात्र सारा दोष जिभेवर टाकला जाई. डॉ. पीटर्स यांच्या बाजूने एक सांगायला हवे. हा झगडा कधी संपत नाही, वजन उतरल्यावरही सांभाळून खावे लागते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. चमत्काराच्या जाहिराती करणाऱ्यांना आजही एवढे साधत नाही.

पुस्तक निघाल्यावर त्या रेड क्रॉसच्या कामासाठी बोस्नियात गेल्या. परतल्या तेव्हा पुस्तकाने बाजार काबीज केलेला होता. १९२२ पासून त्यांचे आहारविषयक सदर अनेक वृत्तपत्रांतून येऊ लागले आणि वाचकांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला. १९२४ आणि १९२५ अशी दोन वर्षे ललितेतर पुस्तकांच्या विक्रीत त्यांचे पुस्तक अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. युद्ध संपले, कैसर पदच्युत झाला, तरी काटा आणि तक्ता घरोघरी उरलेच. जून १९३० मध्ये लंडनमध्ये न्यूमोनियाने डॉ. पीटर्स यांचे निधन झाले.

गटाने वजन उतरवण्याची कल्पना त्यानंतर पुन्हा डोके वर काढत राहिली. १९४८ मध्ये मिलवॉकी येथे एस्थर मांझ यांनी ‘टॉप्स’ ही संस्था सुरू केली. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन नायडेच या गृहिणीने काही मैत्रिणींना आपल्या घरी बोलावले, आणि त्या बैठकीतून दोन वर्षांनी ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी उभी राहिली.