इरावतीबाई आणि कवट्या

‘युगान्त’मुळे इरावती कर्वे आपल्या परिचयाच्या. त्यांचे बर्लिनचे दिवस मात्र मला परवाच कळले. ब्रह्मदेशात १९०५ साली जन्मलेल्या बाई १९२० च्या दशकाअखेर तेथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करू लागल्या. वंशाप्रमाणे कवटीच्या दोन बाजूंतील फरक बदलतो आणि गोऱ्यांची बुद्धी त्यातून दिसते, हे फिशरसाहेबांचे गृहीत. बाईंनी शंभरावर कवट्या मोजल्या. संबंध आढळला नाही. तसे त्यांनी प्रबंधात लिहिले, तेही प्रत्यक्ष गुरूविरुद्ध! हेच फिशर १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले.

आणि बाई? मायदेशी परतून पुढे कित्येक वर्षे त्या महाराष्ट्रातील जातीजातींच्या माणसांची डोकी अन् नाके मोजत हिंडल्या. हे कोडे मला सुटलेले नाही.