शतायुषी अण्णासाहेब

सन १८७५ च्या सुमारास कोकणातील मुरूड गावाहून काही मुले साताऱ्यास जाण्यासाठी पायी निघाली. त्यांना परीक्षेस बसायचे होते. शंभराहून अधिक मैलांची ती वाट भर पावसात, डोंगर आणि घाट ओलांडून त्यांनी तुडविली. त्यांतील धोंडो केशव कर्वे हा सतरा वर्षांचा मुलगा अंगाने इतका किरकोळ होता, की परीक्षा समितीस त्याच्या वयाविषयी शंका आली व त्यास परीक्षेस बसू दिले नाही. तो तसाच परतला आणि पुढे कोल्हापुरास जाऊन ती परीक्षा उत्तीर्ण झाला. हाच किरकोळ देह पुढे एकशेचार वर्षे टिकला.

महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवीत. १८९३ साली त्यांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. तो आघात मोठा होता. परंतु अण्णांनी मनात रोष धरला नाही. मनाचा हा निवांतपणाही त्यांच्या आरोग्यास उपकारक ठरला असावा.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. तेथे एक साधी झोपडी होती. महाविद्यालयातील शिकवणे आटोपले, की शहरातून आणलेले जिन्नस बरोबर घेऊन अण्णा हिंगण्याची वाट धरीत. वाट कित्येक मैलांची. पावसाळ्यात तर चिखलाने भरलेली. तेथे पोहोचल्यावर विश्रांती नव्हती, कारण मुलींना शिकवायचे असे. व्यायामासाठी वेगळा वेळ काढण्याची गरज अण्णांना भासली नाही, ती यामुळेच. त्यांचे कामच त्यांना चालवीत होते. आहार साधा व बेताचा असे.

१९१४ साली ते महाविद्यालयातून निवृत्त झाले. वय छप्पन्न वर्षांचे होते. या वयात बहुतेक माणसे घरी स्वस्थ बसण्याचा विचार करतात. अण्णांनी मात्र १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. आरंभी विद्यार्थिनी अवघ्या पाच! त्यासाठी पैसा उभा करणे हे काम स्वतः हिंडल्यावाचून होणारे नव्हते. १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते बोटीने परदेशी गेले. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका व जपान या देशांत फिरून त्यांनी आपल्या विद्यापीठाचे कार्य लोकांपुढे मांडले. बर्लिन येथे विख्यात शास्त्रज्ञ आइनस्टाइन यांची त्यांनी भेट घेतली. तेथून परतल्यावर थोड्याच काळात ते आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले व तो दौरा वर्षाहून अधिक काळ चालला.

त्यानंतर तरी अण्णा थांबले असतील असे वाटेल. पण १९३६ मध्ये त्यांच्या ध्यानात एक निराळीच उणीव आली. अनेक लहान खेड्यांत शाळाच नव्हत्या. तेथील मुले अक्षरांवाचून वाढत होती. अण्णांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले आणि स्वतःच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून वर्गणी देऊन निधीस प्रारंभ केला. मग पुण्याच्या रस्त्यांवर हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा वृद्ध घरोघर वर्गणी मागत फिरताना दिसू लागला. देणाऱ्याने किती दिले यापेक्षा दिलेल्या पैशाचा हिशेब चोख असावा, याकडे त्यांचे लक्ष अधिक असे. या खटपटीतून सुमारे चाळीस शाळा उभ्या राहिल्या. ज्या मुलांनी अण्णांना कधी पाहिलेही नसेल, ती त्यांच्या चालण्यामुळे मुळाक्षरे गिरवू लागली.

१९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी जातिभेद दूर करण्यासाठी समता संघ काढला. दीर्घायुष्य सर्वस्वी माणसाच्या हाती नसते आणि त्याचे दुःखही वाट्यास येते. १९५० मध्ये त्यांच्या पत्नी आनंदीबाई निवर्तल्या. आश्रमासाठी दारोदार हिंडून पैसा मिळविण्यात त्या बायाही मागे नव्हत्या. सत्तावन्न वर्षांची सोबत संपली, तेव्हा अण्णा ब्याण्णव वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांच्या महिला विद्यापीठास कायद्याने पूर्ण मान्यता मिळाली. आरंभापासून त्यास पस्तीस वर्षे लागली होती आणि ती पाहण्यास संस्थापक हयात होते.

१९५८ साली अण्णांना शंभर वर्षे पूर्ण झाली. भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा किताब अर्पण केला व त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले. हयात असलेल्या व्यक्तीस असा मान क्वचितच मिळतो. मुंबईतील समारंभास पंतप्रधान पंडित नेहरू उपस्थित होते. त्यानंतर चार वर्षांनी, ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, पुण्यात अण्णासाहेबांचे देहावसान झाले. हिंगण्याच्या ज्या माळावर ती झोपडी होती, त्या भागास आता कर्वेनगर म्हणतात.